ओक्युलरसोबत येणारी सत्तर पॅकेजं: वजन टूलकिटचं की त्यावरच्या थरांचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डेबियन या लिनक्सवर एक्सएफसीई हा डेस्कटॉप वापरता, डिस्क लहान आहे, पीडीएफवर टिपा लिहिण्यासाठी ओक्युलर हा केडीईचा पीडीएफ-वाचक टाकायला गेलात तर ॲप्टने, म्हणजे डेबियनच्या पॅकेज टाकणाऱ्या साधनाने, सत्तरहून जास्त पॅकेजांची यादी समोर ठेवली. म्हणून तुम्ही ठरवताय की मशीनवर फक्त जीटीकेचे प्रोग्राम ठेवायचे, क्यूटीला दारातच अडवायचं. (जीटीके आणि क्यूटी ही टूलकिटं, म्हणजे प्रोग्रामला खिडक्या, बटणं, मेनू पुरवणाऱ्या तयार कोडच्या लायब्रऱ्या; एक्सएफसीई जीटीकेवर उभं आहे, ओक्युलर क्यूटीवर.) आणि शेवटी विचारलंय की स्वतः एखादा छोटा प्रोग्राम लिहायचा झाला तर दोन्हींपैकी काय घ्यावं.

पहिल्याचं उत्तर आधी देतो. ओक्युलरच्या टिपा तुम्हाला खरोखर लागत असतील तर तो खुशाल टाका. नुसतं पानावर पेनासारखं लिहायचं असेल तर जीटीके ३ मधला झोर्नल प्लस प्लस आहे, तो तुमच्या डेस्कटॉपवर हलका पडेल. पण टूलकिटच्या नावावरून प्रोग्राम नाकारू नका. जे वजन तुम्हाला दिसतंय ते बहुतांशी टूलकिटचं नाहीच.

ती यादी पुन्हा काढा आणि एकेक नाव वाचा. ॲप्ट-गेटला सिम्युलेट हा पर्याय दिला की काहीही न टाकता पूर्ण यादी मिळते. त्यात मूळ क्यूटीची पॅकेजं मोजकी दिसतील: कोअर, गुई, विजेट्स, डीबस, नेटवर्क, एसव्हीजी अशी. मग लिबकेएफ ६ ने सुरू होणाऱ्या किंवा नावात तो आकडा असलेल्या पॅकेजांची मोठी रांग लागेल. ती क्यूटी नाही. ती केडीई फ्रेमवर्क्स, म्हणजे केडीई या डेस्कटॉप-प्रकल्पाने क्यूटीवर रचलेल्या लायब्रऱ्या. २०१४ मध्ये केडीईने आपला एकसंध लायब्ररी-संच फोडून त्याचे स्वतंत्र भाग केले आणि त्यांची तीन थरांत मांडणी केली. पहिल्या थरातली लायब्ररी फ्रेमवर्क्सपैकी दुसऱ्या कशावरही अवलंबून नसते, तिला क्यूटी पुरतं. दुसऱ्या थरातली पहिल्यावर उभी असते. तिसऱ्या थरातल्या लायब्रऱ्या मात्र एकमेकींना धरून येतात. दूरच्या आणि जवळच्या फाइली सारख्याच पद्धतीने उघडणारी केआयओ ही त्या तिसऱ्या थरातली. ओक्युलरला केआयओ लागते, आणि केआयओ आली की तिच्यामागे बरंच गोत येतं.

म्हणून ‘क्यूटीचा प्रोग्राम’ आणि ‘केडीईचा प्रोग्राम’ या दोन वेगळ्या गोष्टी समजा. व्हीएलसी, क्यूबिटटॉरेंट, वायरशार्क हे क्यूटीवर उभे आहेत, पण त्यांना फ्रेमवर्क्स लागत नाहीत. तुमच्या बाजूलाही अगदी हेच चित्र आहे. माउसपॅड हा जीटीकेचा साधा एडिटर जवळजवळ काहीच मागत नाही. ग्नोम या जीटीकेवरच्या डेस्कटॉपचं कॅलेंडर टाकून बघा, मागोमाग इव्होल्यूशन डेटा सर्व्हर येईल, ऑनलाइन खात्यांची लायब्ररी येईल. टूलकिट तेच, वर रचलेले मजले वेगळे.

दुसरं पाहायचं ते डिपेंडन्सीचा, म्हणजे एका पॅकेजाला लागणाऱ्या दुसऱ्या पॅकेजाचा, प्रकार. डेबियनमध्ये ‘डिपेंड्स’ म्हणजे याशिवाय प्रोग्राम चालणार नाही. ‘रेकमेंड्स’ म्हणजे अपवाद सोडले तर बहुतेक सगळ्यांना हे सोबत लागेल. ‘सजेस्ट्स’ म्हणजे असलं तर बरं. २००९ च्या डेबियन ५ पासून ॲप्ट रेकमेंड्सही आपोआप टाकतं, आणि तुमच्या यादीतला मोठा भाग तिथूनच आलेला असू शकतो. नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स हा पर्याय देऊन पुन्हा सिम्युलेट करा. दोन्ही याद्यांतला फरक म्हणजे तुमच्या हातात असलेला भाग.

इथे एक कळकळीची विनंती. हा पर्याय कायमचा चालू ठेवायचा सल्ला बऱ्याच ठिकाणी दिला जातो, तो मानू नका. रेकमेंड्स हे पॅकेज सांभाळणाऱ्या माणसाने विचार करून लिहिलेले असतात. ते सरसकट गाळले की पुढच्या तक्रारी अशा येतात: टूलबारवर चित्रांच्या जागी रिकामे चौकोन, कारण ब्रीझ आयकॉन थीम आली नाही, वेलँडवर (पडद्यावर खिडक्या दाखवण्याच्या नव्या पद्धतीवर) क्यूटीचा प्रोग्राम धूसर दिसतो, कारण क्यूटीचं वेलँड प्लगइन आलं नाही आणि तो जुन्या पद्धतीच्या प्रोग्रामांसाठी असलेल्या एक्सवेलँडमधून चालतोय. मग लोक म्हणतात की लिनक्सवर क्यूटी नीट चालत नाही. फरकाची यादी वाचा, नको ते गाळा, हवं ते नावाने टाका. पाच मिनिटांचं काम आहे.

तिसरी गोष्ट, आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित: पिढी. जीटीके २ आलं २००२ मध्ये, जीटीके ३ आलं २०११ मध्ये, जीटीके ४ आणि क्यूटी ६ दोन्ही डिसेंबर २०२० मध्ये. प्रत्येक मोठी आवृत्ती ही पॅकेजाच्या दृष्टीने वेगळीच लायब्ररी असते. त्या शेजारी शेजारी नांदतात, एकमेकींच्या जागी चालत नाहीत. जीटीके २ आणि ३ एकाच प्रोसेसमध्ये आले तर जीटीके सरळ त्रुटी दाखवून थांबतं. तुमच्याकडे व्हीएलसी ३ असेल तर क्यूटी ५ आधीच डिस्कवर आहे. पण ओक्युलर २०२४ पासून क्यूटी ६ वर गेला, त्यामुळे त्या दोघांत वाटून घेण्यासारखं फार काही उरत नाही. ‘क्यूटी आधीच आहे, मग एवढं का लागतंय?’ या नेहमीच्या प्रश्नाचं उत्तर बहुधा इथे असतं.

जुनी पिढी ही माझ्या लेखी परक्या टूलकिटपेक्षा मोठी अडचण आहे. जीटीके २ ला वेलँड समजत नाही, जास्त घनतेच्या पडद्यावर त्याची अक्षरं बारीक होतात, आणि जीटीके ४ आल्यावर त्याची देखभाल थांबली. डेबियन ११ मधून क्यूटी ४ काढून टाकलं तेव्हा त्यावर अडकलेले प्रोग्रामही गेले. गिंपसारख्या प्रकल्पाला जीटीके ३ वर यायला मार्च २०२५ उजाडलं, आणि जीटीके हे नावच मुळात गिंप टूलकिटवरून आलेलं. तेव्हा एखादा प्रोग्राम निवडताना तो जीटीकेचा की क्यूटीचा यापेक्षा कोणत्या पिढीचा आणि त्याला अजून कुणी हात लावतंय का, हे आधी बघा.

आता ‘फक्त जीटीके’ किंवा ‘फक्त क्यूटी’ या शुद्धतेबद्दल. फायरफॉक्स लिनक्सवर जीटीके ३ मागतो. म्हणजे प्लाझ्मा हा केडीईचा डेस्कटॉप वापरून ‘माझ्याकडे फक्त क्यूटी’ म्हणणाऱ्याकडेही जीटीके असतंच. व्हीएलसी असेल तर तुमच्याकडे क्यूटीही. ऑडॅसिटी ३, फाइलझिला, किकॅड हे डब्ल्यूएक्सविजेट्सवर आहेत, पण लिनक्सवर ती लायब्ररी स्वतः जीटीकेच वापरते. मेमरीची काळजीही फारशी करू नका. डिस्कवर नुसती पडलेली लायब्ररी रॅम खात नाही. प्रोग्राम चालू झाला की ती मेमरीत येते, आणि तीच लायब्ररी वापरणारा दुसरा प्रोग्राम आला की तिचा कोड वाटून घेतला जातो. जुन्या मशीनची चिंता असेल तर हेही जाणून घ्या की २०२२ मध्ये जर्मनीचं ब्ल्यू एंजल हे पर्यावरणचिन्ह मिळालेलं पहिलं सॉफ्टवेअर ओक्युलरच होतं, आणि त्या निकषांत ऊर्जेच्या वापराबरोबर जुन्या यंत्रांवर चालण्याचाही विचार होतो.

जिथे निवड खरोखर उपलब्ध आहे तिथे मात्र ती जरूर करा. काही प्रोग्रामांनी गाभा आणि दर्शनी भाग वेगळे ठेवलेत. ट्रान्समिशन या टॉरेंट प्रोग्रामचं जीटीके, क्यूटी आणि खिडकीविना मागे चालणारं नुसतं डीमन असं वेगवेगळं पॅकेज मिळतं. इमॅक्स या एडिटरचं जीटीके, ल्युसिड आणि खिडकीविना चालणारं नॉक्स. लिबरऑफिसचा मुख्य भाग कोणत्याच टूलकिटला बांधलेला नाही. जीटीके ३, क्यूटी किंवा केडीईचं प्लगइन पॅकेज असेल तसा तो रूप घेतो. तुमच्याकडे लिबरऑफिस विसाव्या शतकातल्यासारखा दिसत असेल तर जीटीके ३ चं प्लगइन टाका, बाकी काही करू नका.

पिनएंट्री हे यातलं सर्वांत शिकण्यासारखं उदाहरण. जीपीजी या एनक्रिप्शनच्या साधनाला सांकेतिक वाक्य विचारण्यासाठी एक छोटी चौकट हवी असते. डेबियनमध्ये जीपीजी-एजंटच्या डिपेंड्समध्ये ‘पिनएंट्री-कर्सेस’, मग उभी रेघ, मग ‘पिनएंट्री’ असं लिहिलेलं आहे. उभी रेघ म्हणजे ‘किंवा’. दुसरं नाव हे आभासी पॅकेज आहे. ग्नोम, क्यूटी, कर्सेस यांपैकी कोणतंही पिनएंट्री पॅकेज ‘प्रोव्हाइड्स’ या ओळीत ते नाव पुरवतं. आधीपासून काहीच नसेल तर ॲप्ट रेघेच्या डावीकडचं पहिलं घेतं. म्हणजे तुम्हाला हवं ते आधी स्वतः टाकलंत तर ॲप्ट दुसरं लादत नाही. ही युक्ती उभी रेघ दिसेल तिथे सगळीकडे चालते.

ओक्युलर टाकल्यावर तो एक्सएफसीईत उपरा दिसला तर क्यूटी ६ चं जीटीके प्लॅटफॉर्मथीम पॅकेज घ्या, किंवा क्यूटी६सीटी हे सेटिंगचं साधन वापरून फॉन्ट आणि आयकॉन ठरवा. देवनागरीत टाइप करण्यासाठी एफसीआयटीएक्स ५ वापरत असाल तर त्याचा जोड प्रत्येक टूलकिटसाठी, अगदी प्रत्येक पिढीसाठी वेगळ्या पॅकेजात असतो. जीटीकेच्या खिडकीत मराठी उमटतं आणि क्यूटीच्या खिडकीत नाही, असं झालं की आधी तो जोड (फ्रंटएंड) आहे का ते तपासा.

फ्लॅटपॅकचा (लायब्रऱ्यांसह प्रोग्राम वेगळा टाकण्याच्या पद्धतीचा) पर्याय एका प्रोग्रामासाठी तुमच्या लहान डिस्कवर उलट महाग पडेल, कारण केडीईचा पूर्ण रनटाइम, म्हणजे लायब्रऱ्यांचा सामायिक संच, सोबत येतो. तीन-चार केडीई प्रोग्राम त्याच रनटाइमवर असतील तर गणित बदलतं.

आता तुमचा स्वतःचा प्रोग्राम. नवीन लिहिताय तर जीटीके ४ किंवा क्यूटी ६, त्याच्या मागे जाऊ नका. सी किंवा रस्ट येत असेल आणि प्रोग्राम लिनक्सपुरता असेल तर जीटीके. सी प्लस प्लस येत असेल, किंवा विंडोज आणि मॅकवरही तो चालायला हवा असेल तर क्यूटी. पायथनमध्ये दोन्ही छान चालतात. क्यूटी घेतलंत तर त्याच्या दोन पायथन जोडण्यांपैकी पायक्यूटी जीपीएल या मुक्त किंवा सशुल्क परवान्यावर मिळतं आणि पायसाइड एलजीपीएल या जास्त सैल मुक्त परवान्यावर, एवढं ध्यानात ठेवा. परवान्याचा प्रश्न या दोन टूलकिटांच्या इतिहासात साधा नाही. १९९६ मध्ये केडीई सुरू झालं तेव्हा क्यूटी पूर्ण मुक्त नव्हतं, आणि १९९७ मध्ये ग्नोम उभं राहण्याचं ते एक मुख्य कारण होतं. क्यूटी २००० मध्ये जीपीएलखाली आणि २००९ मध्ये एलजीपीएलखाली आलं, तेव्हा तो वाद संपला. लिबॲडवेटा ही ग्नोमची जीटीके ४ वरची लायब्ररी घेण्याआधीही थांबून विचार करा: ग्नोमवर ती सुंदर दिसते, पण वापरणाऱ्याने निवडलेली जीटीके थीम ती मानत नाही, आणि तुमच्यासारख्या एक्सएफसीईवाल्याला ते लगेच जाणवेल.

टूलकिट कोणतंही घ्या, पण प्रोग्रामचा गाभा वेगळ्या लायब्ररीत ठेवा आणि त्यात टूलकिटचं एकही हेडर येऊ देऊ नका. डेबियन पॅकेज बांधताना डीपीकेजी-श्लिबडेप्स हे साधन तुमची बायनरी (चालवायची तयार फाइल) कोणकोणत्या लायब्रऱ्यांना जोडली आहे ते पाहून डिपेंड्स आपोआप लिहितं. तुम्ही एका सूचनेच्या फुग्यासाठी मोठी लायब्ररी जोडलीत तर ती प्रत्येक वापरकर्त्याच्या डिस्कवर जाणार. तीच सूचना डीबस या प्रोग्रामांमधल्या निरोप-वाहिनीवरून फ्रीडेस्कटॉपच्या ठरलेल्या पद्धतीने पाठवता येते. फाइल निवडायची चौकट एक्सडीजी पोर्टल या मध्यस्थ सेवेकडून मागता येते, म्हणजे एक्सएफसीईत जीटीकेची आणि प्लाझ्मात केडीईची चौकट उघडते आणि तुम्हाला दोन्हींपैकी कशाशीच लिंक करावं लागत नाही. बायनरी बांधून झाली की जोडलेल्या लायब्रऱ्या दाखवणारं एलडीडी चालवून यादी पाहा. तिच्यात का आलं हे सांगता न येणारं एखादं नाव दिसलं, तर पॅकेज बाहेर देण्याआधी ते काढा.