मुलाच्या रक्ताची तपासणी "संशोधनासाठी", सही करू का?

चौथीतल्या मुलाची आई शाळेतून आलेला फॉर्म घेऊन आमच्या ओपीडीत आली होती. मुलांची उंची, वजन, हिमोग्लोबिन आणि एकदा दंडातून थोडं रक्त, असा अभ्यास होता. जाऊबाई म्हणाल्या होत्या, आपल्या पोरांना प्रयोगाचे उंदीर करतात हे लोक, आणि तेव्हापासून त्या माऊलीला झोप नाही. हा प्रश्न माझ्याकडे नेहमी येतो म्हणून इथे लिहितेय (ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही).

मी त्यांना पहिलं सांगितलं की ताई, तुमची भीती उगाच नाहीये. 2009 साली आंध्रात खम्मम जिल्ह्यात एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपासून वाचवणाऱ्या) लशीच्या प्रकल्पात हॉस्टेलमधल्या कितीतरी मुलींच्या फॉर्मवर आईवडिलांऐवजी वॉर्डननी सह्या केल्या होत्या, 2010 मध्ये सरकारने ते काम थांबवलं. लस वाईट होती असं नाही हं, पण घरच्यांना विचारलंच नाही हे फार वाईट झालं.

पण दुसरी बाजूही आपल्या पुण्यातलीच आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. याज्ञिकांच्या टीमने 1993 पासून पुण्याजवळच्या 6 गावांतल्या बायकांचा गरोदरपणापासून अभ्यास केला आणि मग त्यांच्या मुलांचाही वर्षानुवर्षं, त्यातून कळलं की आपली बाळं जन्मतः जेमतेम 2.7 किलोची, हडकुळी दिसतात पण अंगात चरबी त्या मानाने जास्त, आणि पुढच्या डायबेटिसची मुळं तिथपर्यंत जातात. त्या आयांनी नाही म्हटलं असतं तर हे कळलं कसं असतं?

मग आम्ही दोघींनी फॉर्म ओळ न ओळ वाचला. एथिक्स कमिटीची (अभ्यासात कुणाला त्रास किंवा फसवणूक होत नाही ना हे आधी तपासणारी समिती) परवानगी आहे का, रक्त किती (5 मिली, म्हणजे चहाचा एक चमचा), रिपोर्ट घरी देणार का, मध्येच सोडता येईल का, शंका आली तर फोन कोणाला. सगळं होतं, फक्त रिपोर्टचं लिहिलेलं नव्हतं, तर त्यांनी तिथूनच फोन लावून विचारलं, देणार म्हणाले. त्यांचा चेहरा तिथेच निवळला.

पण मुलगा? तो शेजारी बसून वहीच्या कोपऱ्याला मुरड घालत होता, त्याला कुणी विचारलंच नव्हतं. आयसीएमआर, म्हणजे वैद्यकीय संशोधनाची सरकारी संस्था, तिच्या 2017 च्या नियमांत आहे, 7 वर्षांपुढच्या मुलाची तोंडी तरी संमती हवी आणि 12 नंतर लेखी, आईबापाची सही आहेच वर. मी विचारलं, तुला काय वाटतं रे? म्हणाला, उंची मोजा, वजन करा, सुई नको.

आई लगेच, "अरे एवढंसं तर टोचतं!" मी म्हटलं थांबा ताई, त्याचं नाही हे नाहीच धरायचं, समजूत घालायची तर घाला, पण चॉकलेटचं आमिष नको आणि दटावणं तर नकोच. त्यांनी फॉर्मवर रक्ताच्या रकान्यात "नाही" लिहिलं, उंची-वजनाला हो, अभ्यासवाल्यांनी तेवढंच घेतलं. हिमोग्लोबिनलाही रक्त लागतं, तर ते नंतर आमच्याच ओपीडीत बघायचं ठरलंय, त्याची तयारी झाली की.