वर्कशॉपमध्ये ४० कामगार, बऱ्याच जणांकडे ईमेल नाही. हजेरीच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यांची खाती कशी उघडायची?

चाळीसही जणांची खाती उघडू नका. तुम्ही फ्रॅपे एचआर हे हजेरी-पगाराचं सॉफ्टवेअर घेतलंय, दारात अंगठ्याचं मशीन आहे आणि दोन पाळ्या चालतात असं लिहिलंय, म्हणून त्यालाच धरून सांगतो.

या सॉफ्टवेअरमध्ये ‘एम्प्लॉयी’ आणि ‘युजर’ या दोन वेगळ्या नोंदी असतात. हजेरी, रजा, पगार हे सगळं एम्प्लॉयीच्या नोंदीवर चालतं, आणि तिला ईमेल लागत नाही. युजर म्हणजे लॉगिन. ते फक्त स्वतः मोबाइलवर किंवा संगणकावर उघडून बघणाऱ्याला द्या. ईमेल नाही म्हणून खोटे पत्ते बनवून लॉगिन उघडू नका. पासवर्ड विसरला की रिसेटची मेल कुठे जाणार? आणि ‘शॉपफ्लोअर’ नावाचं एकच लॉगिन दहा जणांत वाटणं तर अजिबात नको. उद्या कुणाच्या हजेरीत फेरफार झाला, तर तो कुणी केला हे सांगता येणार नाही, आणि त्यात एखाद्याच्या दिवसाच्या मजुरीचा प्रश्न असतो.

मशीन आणि सॉफ्टवेअर यांना जोडतो तो ‘अटेंडन्स डिव्हाइस आयडी’ हा रकाना. मशीनमध्ये माणसाचा जो क्रमांक आहे, तोच तिथे जसाच्या तसा हवा. सगळ्यांची माहिती एक्सेलमधून ‘डेटा इम्पोर्ट’ने एकदम चढवता येते, पण एक्सेल ००४२ चं ४२ करून टाकतं. मग पंच, म्हणजे मशीनवर अंगठा लावल्याच्या नोंदी, येतात आणि कुणाच्याच नावावर बसत नाहीत. म्हणून तो कॉलम आधी टेक्स्ट करून घ्या, किंवा शून्याने सुरू न होणारे क्रमांक ठेवा, उदाहरणार्थ १०१ पासून पुढे. आधार क्रमांक मात्र कामगाराचा क्रमांक म्हणून वापरू नका. हा क्रमांक इतरांच्याही नजरेस पडू शकतो.

आता पाळ्या. घाई करू नका, कारण माझ्या मते खरी गडबड इथेच होते. ‘शिफ्ट टाइप’मध्ये पाळी संपल्यावर किती मिनिटांपर्यंतचा पंच त्या पाळीचा धरायचा, याचा रकाना आहे. तो साधारण ६० मिनिटांवर असतो. साडेपाचला पाळी सुटली आणि माणूस ओव्हरटाइम करून साडेआठला बाहेर पडला, तर त्याचा शेवटचा पंच त्या खिडकीच्या बाहेर जातो आणि त्या पाळीत मोजलाच जात नाही. ओव्हरटाइमला दुप्पट दराने मजुरी द्यावी लागते, त्यामुळे ही खिडकी तुमच्याकडच्या सगळ्यात लांब ओव्हरटाइमएवढी मोठी करा. फक्त ती पुढच्या पाळीच्या सुरुवातीच्या खिडकीवर चढणार नाही हे पाहा. तास मोजण्यासाठी ‘पहिला पंच ते शेवटचा पंच’ हा पर्याय ठेवा. बरेच जण अंगठा लागला की नाही या शंकेने दोनदा लावतात, तेव्हा आत-बाहेर अशा जोड्या लावणारा पर्याय गोंधळ घालतो. ‘हॉलिडे लिस्ट’ही आधी जोडून ठेवा, नाहीतर रविवारीसुद्धा गैरहजेरी लागेल.

सुपरवायझरला लॉगिन देताना त्याला एचआरचा रोल, म्हणजे सगळ्यांच्या नोंदी हाताळण्याचे अधिकार, देऊ नका. त्याच्या हाताखालच्या माणसांच्या नोंदीत ‘रिपोर्ट्स टू’मध्ये त्याचं नाव भरा आणि रजेसाठी त्याला अप्रूव्हर, म्हणजे मंजुरी देणारा, करा. बाकी लॉगिन असणाऱ्यांच्या एम्प्लॉयी नोंदीत ‘क्रिएट युजर परमिशन’वर टिक असू द्या, म्हणजे ज्याला त्याला आपलीच नोंद दिसेल.

सुरुवातीचा एक महिना मस्टर बंद करू नका. दोन्हीकडचे दिवस ताडून पाहा, आणि प्रत्येकाला त्याची महिन्याची हजेरी पगाराआधी दाखवा, ज्याला लॉगिन नाही त्याला कागदावर. आपले तास कसे मोजले हे कळण्याचा त्याला हक्क आहे.

कुणी काम सोडलं तर नोंद डिलीट करू नका. स्टेटस ‘लेफ्ट’ करून ‘रिलिव्हिंग डेट’ भरा. तो सुपरवायझर असेल तर त्याच्या हाताखालची माणसं आधी दुसऱ्याकडे वळवावी लागतील, त्याशिवाय सॉफ्टवेअर नोंद बदलू देत नाही. त्याचं लॉगिन असेल तर ते बंद करा, मशीनमधला अंगठाही काढा आणि त्याचा क्रमांक नव्या माणसाला देऊ नका.