आजोबांची बंदूक: साफ करा, पण नवी करू नका

मागच्या महिन्यात घरच्या जुन्या शिकारी बंदुकांबद्दल बरीच पत्रे आली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार संपली, बंदुका मात्र घरांत राहिल्या. त्या जपायच्या म्हणजे काय करायचे आणि काय मुळीच करायचे नाही, हे आजच्या उत्तरांत आहे.

प्रश्न (देवरूख): पोटमाळ्यावर पणजोबांची ठासणीची (तोंडाकडून दारू-छर्रे ठासून भरायची) बंदूक सापडली. गंज चढला आहे, परवान्याचा पत्ता नाही. आधी रॉकेलने धुऊ का?

उत्तर: आधी ती भरलेली तर नाही ना, हे पाहा. रानडुकरांसाठी बार ठासून ठेवलेली बंदूक तशीच विसरली जाई, आणि काळी दारू कोरडी राहिली तर कित्येक दशकांनीही पेट घेते. बंदुकीचे तोंड माणसांपासून दूर वळवा. घोडा आणि चाप यांना हात लावू नका, नळीत डोकावू नका. लाकडी काठी हलकेच आत सोडा, तोंडाशी खूण करा आणि तेवढीच लांबी नळीच्या बाहेरून लावून बघा. काठी केप (बार पेटवणारी छोटी टोपी) बसवतात त्या जागेपर्यंत पोचली तर नळी रिकामी. दोन-चार बोटे अलीकडेच अडली तर आत बार आहे असे धरून चाला. तो स्वतः उकरून काढू नका.

मग पोलीस ठाणे. परवानाधारक वारल्यावर शस्त्र विनाविलंब जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे, असे १९५९ चा शस्त्र कायदा सांगतो. ‘इतकी जुनी आहे, तिला कसला परवाना?’ असे गावात कोणीतरी म्हणेलच. पण सूट फक्त वय बघून मिळत नाही. दुरुस्ती करूनही जिच्यातून बार निघणार नाही अशीच जुनी बंदूक त्या सवलतीत येते, आणि ते घरच्या घरी ठरवायचे नसते. नळीत बार असल्याची शंका असेल तर ठाण्यात फोन करून तसे सांगा. बंदूक उचलून नेऊ नका. वारसाच्या नावे परवाना होतो, त्यासाठी अर्ज करा. २०१९ पासून एका माणसाकडे दोनच बंदुका राहू शकतात आणि वारशाची बंदूकही त्या दोनांतच मोजली जाते. साफसफाई या सगळ्यानंतर.

प्रश्न (सातारा): आमच्या दुनळीच्या नळ्यांवर लाटांसारखी नक्षी आहे, आता पुसट झाली आहे. एक कारागीर बफ मारून आरशासारखी करून देतो म्हणतो. मग ती चालवताही येईल का?

उत्तर: कृपा करून त्याला नको म्हणा. ही दमास्कस नळी आहे. लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या एकत्र पिळून, दांड्याभोवती गुंडाळून, तापवून ठोकत जोडायच्या अशी ती घडवत. बर्मिंगहॅम आणि बेल्जियममधल्या लिएजचे लोहार यात तरबेज होते. दोन्ही धातूंवर गंजाची छटा वेगवेगळी चढवून ती वेल उठवलेली असते. बफ मारला की छटा जाते, कोरीव अक्षरे बोथट होतात आणि मुळातच पातळ असलेली नळी आणखी पातळ होते. नक्षी परत उठवता येते, पण त्यासाठी हलका गंज चढवायचा, उकळत्या पाण्यात बुडवायचा, घासायचा, हे सगळे पुन्हा पुन्हा करणारा परवानाधारक कारागीर लागतो. तसा मिळाला नाही तर पुसट नक्षी पुसटच राहू द्या. ती खरी आहे.

घरी करता येईल ते एवढेच: पातळ तेल लावून रात्रभर ठेवा, मग मऊ कापडाने पुसा. लाल गंज हटला नाही तर तेलात भिजवलेला सर्वांत बारीक स्टील वूल, तोही अगदी हलक्या हाताने. पॉलिश पेपर घरात आणूच नका.

चालवण्याबद्दल: नळ्या उतरवून त्यांच्या सपाट तळावर चाचणीचे शिक्के पाहा. बहुतेक दमास्कस नळ्यांची चाचणी काळ्या दारूवर झालेली असते. आजचे काडतूस धूरविरहित दारूचे. त्याचा दाब वेगळ्या तऱ्हेने चढतो. ‘नायट्रो प्रूफ’चा, म्हणजे धूरविरहित दारूवर चाचणी झाल्याचा, शिक्का सापडला तरी तो नळीच्या त्या दिवशीच्या तब्येतीचा दाखला. नंतरची शंभर वर्षे, आतले खड्डे, कोणीतरी केलेली घासाघीस, हे त्या शिक्क्याला ठाऊक नाही. माझे मत स्पष्ट आहे: ही बंदूक चालवू नका. नळी फुटते ती बहुधा डावा हात असतो तिथेच.

प्रश्न (नागपूर): दस्ता काळा, तेलकट झाला आहे. रंधा मारून पॉलिश करू?

उत्तर: रंधा नको. दस्ता बहुधा अक्रोडाचा असेल. बंदूक वर्षानुवर्षे उभी ठेवली की नळीतले आणि कळीतले (घोडा-चापाच्या यंत्रणेतले) तेल खाली लाकडात झिरपते, लाकूड मऊ पडते. खडूची बारीक पूड स्पिरिटमध्ये कालवून लेप द्या, वाळला की ब्रशने झाडा; तेल निघत राहील तोवर पुन्हा लावा. पोचा पडला असेल तर ओले फडके ठेवून वरून गरम इस्त्री क्षणभर टेका, दबलेले तंतू फुगून वर येतात. शेवटी उकळलेले जवसाचे तेल, बोटावर थेंबभर घेऊन तळव्याने चोळायचे. एका हातानंतर दोन-तीन दिवस थांबायचे. वार्निश नको. तेलाची फडकी गोळा करून टाकू नका, आपोआप पेटतात, पसरून वाळवा.

प्रश्न (रत्नागिरी): पावसाळ्यात चामड्याच्या मूळ पेटीत ठेवली तर चालेल?

उत्तर: नाही. चामडे ओल धरते. पेटी वेगळी जपा, बंदूक कुलूपबंद कपाटात सिलिका जेलसोबत, आणि शक्यतो नळीचे तोंड खाली करून.

प्रश्न (सावंतवाडी): निवडणुकीत जमा केलेली बंदूक दर वेळी गंजून परत येते.

उत्तर: जमा करण्याआधी धातूवर मेणाचा पातळ थर द्या, तेलापेक्षा तो जास्त टिकतो. क्रमांक दिसेल असे फोटो काढा, पावतीवर स्थिती लिहून मागा. परत आली की त्याच दिवशी पुसा.

प्रश्न (कोल्हापूर): खंडेनवमीला बंदुकीची पूजा करतो. हळद-कुंकवाने काही होते का? आणि प्रथेप्रमाणे एक बार काढतो, तो?

उत्तर: पूजा जरूर करा. पण ओले गंध आणि फुले धातूवर रात्रभर राहिली की तिथे डाग पडतो. कुंकू दस्त्याला किंवा खालच्या पाटाला लावा, नळी संध्याकाळीच पुसून तेलाचा हात द्या. बार मात्र काढू नका. आनंदाच्या भरात केलेल्या गोळीबाराने कोणाच्या जिवाला धोका झाला तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.