दाबाखालचा दिवस

प्रिय मुली,

तू हातानं बांधलेली वही मिळाली. टेबलावर ठेवली तर वरचं कव्हर उन्हातल्या पापडासारखं कडेनं उचललेलं. शिलाई चांगली आहे हे तुलाही ठाऊक आहे, त्यावर शाई घालवत नाही. तू विचारलंयस की कव्हर का वाकतं, आणि डोहाळजेवणाच्या साठ वह्यांचं दहा दिवसांत द्यायचं काम घेऊ का. मला यात एकच प्रश्न दिसतो आणि त्याचं उत्तरही एकच आहे: दाबाखालचा दिवस, म्हणजे वही प्रेसमध्ये दाबून वाळवायचा वेळ, कुणालाही विकायचा नाही.

आधी कव्हर. ओल्या खळीनं कागद फुगतो, वाळताना आक्रसतो आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. बाहेरचा कागद बाहेर ओढतो, आतलं अस्तर आत. दोन्ही ओढी सारख्या झाल्या की पुठ्ठा सरळ राहतो. तू बाहेर जाड हातकागद लावलास आणि आत झेरॉक्सचा ७० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ७० ग्रॅम भरणारा पातळ कागद. हातकागद सुती चिंध्यांच्या लगद्याचा. साच्यावर उचलताना त्याचे तंतू सगळ्या दिशांना पडतात, म्हणून तो सगळीकडून ओढतो, शिवाय खळही जास्त पितो. ७० जीएसएमचं अस्तर त्याच्यापुढे काय टिकणार? १०० ते १२० जीएसएमचं घे, आणि त्याचा ग्रेन, म्हणजे तंतूंची दिशा, वहीच्या पाठीला समांतर ठेव. पुठ्ठ्याचाही तसाच. गिरणीच्या कागदाला आणि पुठ्ठ्याला ग्रेन असतोच, न बघता कापलास तर कितीही दाब दे, कव्हर वाकणारच. बघायचा कसा? कागदाचा चौकोनी तुकडा एका बाजूनं पाण्याच्या बोटानं ओला कर. तो लगेच नळीसारखा वळतो. नळीची लांबी ज्या दिशेला, तो ग्रेन. पुठ्ठा दोन्ही बाजूंनी हलका वाकवून बघ. ज्या बाजूनं सहज वाकतो, त्या घडीला समांतर ग्रेन.

आतल्या पानांचंही हेच. बाजारातल्या ए-फोर रिममध्ये ग्रेन बहुतेक वेळा लांब बाजूला असतो. तो कागद मधोमध दुमडून ए-फाइव्ह केलास की ग्रेन पाठीला आडवा येतो. घडीवर कागद फाटल्यासारखा दिसतो, वही उघडी राहत नाही आणि पावसाळ्यात पानं पाठीशी लाटांसारखी उठतात. तुझ्या वहीत तेच झालंय. मोठे ताव घे, ग्रेन बघ आणि कटिंगवाल्याकडून ए-फोर असे कापून घे की ग्रेन २१० मिलिमीटरच्या बाजूला येईल. थोडा कागद वाया जाईल, जाऊ दे. चार-चार ए-फोर कागद एकत्र दुमडून एक जुज, अशा दहा जुजा, म्हणजे ८० पानं, १६० पृष्ठं. पुण्यात शिवाजीनगरला हातकागदाची संस्था १९४० पासून आहे. तिथे जाऊन कागद हातात धरून बघ, फोटो बघून मागवू नकोस. आत हातकागद घालणार असशील तर आधी शाईच्या पेनानं एक ओळ लिही. अक्षराला मिशा फुटल्या तर त्याला सरस कमी लागलाय, तो कव्हरलाच ठेव.

आता दाब. एका वहीला तो चार वेळा लागतो. दुमडलेल्या जुजांना एक रात्र. शिवल्यावर पाठीला पातळ फेविकॉल लावून निदान सहा तास. नुसत्या कव्हरला एक रात्र. आणि अस्तर चिकटवून वही कव्हरमध्ये बसवली की चोवीस तास, पावसाळ्यात अठ्ठेचाळीस. चौथा दाब सगळे चुकवतात, कारण दोन तासांत वही वाळल्यासारखी दिसते. ती फक्त वरून वाळलेली असते, पुठ्ठ्याच्या पोटात ओल तशीच असते.

बसवताना अस्तर आणि पहिलं पान यांच्यात एक टीपकागद आणि एक प्लास्टिकचा कागद घाल. टीपकागद अस्तराकडे, प्लास्टिक पानांकडे, नाहीतर पहिली आठ-दहा पानं ओल पिऊन सुरकुततात. टीपकागद दोन तासांनी बदल. वर्तमानपत्र वापरू नकोस, अस्तरावर बातम्या छापल्या जातात. खळ एक वाटी मैद्याला पाच वाट्या पाणी घालून मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत शिजव, गार झाल्यावर निम्मा फेविकॉल मिसळ. कीड लागू नये म्हणून मोरचूद घालशील तर चिमूटभरच घाल. ते विष आहे, भांडं आणि ब्रश स्वयंपाकघरात परत नेऊ नकोस.

आता साठ वह्यांचा हिशोब मांड. शिलाईला शेजारच्या दोघी आहेत, तो प्रश्न सुटला. पण तुझ्या प्रेसमध्ये एका वेळी दहा वह्या मावतात. साठ वह्या म्हणजे सहा खेपा, पावसाळ्यातले दोन दिवस धरले तर शेवटच्या दाबालाच बारा दिवस. आधीचे तीन दिवस वेगळे. गिऱ्हाईक बाईंना हव्यात दहा दिवसांत. त्या बाईंना तू ‘बघते’ म्हणालीस. काय बघणार आहेस?

अठरा मिलिमीटर प्लायचे बारा बाय अठरा इंची दोन तुकडे, कोपऱ्यांत चार लांब बोल्ट, वर पंखाचे नट. दुसरा प्रेस झाला. मग तीन खेपा, सहा दिवस, आधीचे तीन धरून नऊ. हातात एक दिवस उरला म्हणून हो म्हणू नकोस. एखादी खेप बिघडली की तो एक दिवस काय पुरणार? चौदा दिवस माग, किंवा तीस वह्या आत्ता घे. निम्मे पैसे आगाऊ घे, कारण कागद आणि पुठ्ठा त्यातूनच यायचा आहे. नाही म्हणाल्या तर नाही.

मला हट्टी म्हणतात. म्हणोत. घाईत हो म्हटलेली कामं मला आजही डाचतात. नाकारलेल्यांतलं एकही डाचत नाही. माझ्याकडून वही उशिरा गेली असेल, वाकलेली गेली नाही, आणि हे मी अभिमानानं सांगते. तू माझ्याहून चांगलं शिवतेस, म्हणून चिडून लिहितेय. इतकी नेमकी कडेची गाठ मारणारा हात ओला पुठ्ठा पिशवीत घालतो, हे मला सहन होत नाही.

किमतीतही दाब धरायचा. तू कागद, पुठ्ठा, दोरा आणि शिलाई मोजलीस. प्रेसची जागा मोजली नाहीस. ती दोन दिवस एका खेपेनं अडवली की दुसरं काम होत नाही, म्हणजे पावसाळ्यात तुझी कमाई निम्म्या वेगानं चालते आणि भाव मात्र उन्हाळ्यातलाच असतो. श्रावणातल्या कामाला वेगळा भाव लाव आणि तो आधीच सांग. लोगो, इन्स्टाग्राम, रिबिनी यांचं नंतर बघू.

पॅकिंग शेवटी. ओलसर वही प्लास्टिकमध्ये बंद केलीस तर आठवड्यात अस्तरावर बुरशीचे ठिपके येतात आणि दोष कुरिअरवाल्यावर जातो. प्रेसमधून काढलेल्या वहीचं कव्हर उघडून आतली बाजू गालाला लाव. गार लागली तर ओल आहे, परत दाबाखाली. बोटाला ही ओल कळत नाही, गालाला कळते.

पुढची वही पाठवशील तेव्हा त्याच पुठ्ठ्याची आणि अस्तराची एकेक पट्टी सोबत पाठव, ग्रेनच्या दिशेनं पेन्सिलीनं बाण काढून. कव्हर प्रेसमध्ये किती वाजता घातलं आणि किती वाजता काढलं, तेही त्याच पट्टीवर लिही.

तुझी काकू