हातउसने दिलेले चार लाख: आधी तारीख बघा

मित्राला अडीच वर्षांपूर्वी बँकेतून चार लाख दिलेत, लिखापढी काहीच नाही, आणि तो व्हॉट्सॲपवर "दिवाळीनंतर देतो" म्हणतोय. नोटीस पाठवून थांबू का, असं विचारलंत. थांबू नका. हातउसन्या पैशांच्या दाव्याला मुदत तीन वर्षं. ती पैसे मागितल्यापासून नाही, दिल्यापासून मोजतात. नोटिशीने ती एक दिवसही वाढत नाही.

मुदत वाढते ती लेखी कबुलीने. १९६३ च्या मुदत कायद्याचं कलम १८ सांगतं की मुदत संपायच्या आत देणेकऱ्याने सहीनिशी देणं मान्य केलं, तर तिथून नवी तीन वर्षं मिळतात. बोलणं अजून चालू आहे तोवर हा कागद करून घ्या. पैसे घेतल्याची तारीख, रक्कम आणि परत कधी देणार हे त्यात स्पष्ट यायला हवं. मसुदा वकिलाकडून नीट करून घेतलात तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खाली समरी (झटपट) दावाही लावता येईल. त्यात प्रतिवादीला बचाव करायलाच कोर्टाची परवानगी मागावी लागते.

सही देत नसेल तर साधा वसुलीचा दावा. नुसत्या बँक स्टेटमेंटवर विसंबू नका. "ते माझेच जुने येणे होते" असं समोरचा हमखास म्हणतो. त्याला उत्तर ते चॅटच. चॅट पुरावा म्हणून द्यायला २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, तेव्हा फोन जपा.

खरी कसोटी पुढे, दरखास्तीत, म्हणजे निकालाची अंमलबजावणी करून पैसे वसूल करताना. आमच्या दुकानाच्या उधारीच्या एका दाव्यात हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा वसुलीचा आदेश, मिळाला. बेलीफ जप्तीचं वॉरंट घेऊन दारात गेला, तर दारातली मोटारसायकल मेव्हण्याच्या नावावर, घर वडिलांच्या. दरखास्तीला बारा वर्षांची मुदत असते, पण जप्त करायला काही सापडायला तर हवं! म्हणून त्याच्या नावचा सातबारा, फ्लॅट, नोकरी यांची माहिती आत्ताच काढा. ज्या खात्यात पैसे पाठवलेत तो नंबर तुमच्याकडे आहेच. पगारातले पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सोडून बाकीच्यावर जप्ती येते. दावा बुडवायला तो प्लॉट विकतोय असं कळलं, तर निकालाआधीच्या जप्तीसाठी आदेश ३८ नियम ५ खाली अर्ज करा.

पोलिसांकडे खेटे घालू नका. नुसत्या उसनवारीची वसुली ते करून देत नाहीत. त्यापेक्षा तालुका विधी सेवा समितीत दाखलपूर्व, म्हणजे दावा लावण्याआधीचा, तडजोडीचा अर्ज द्या. कोर्ट फी लागत नाही आणि लोकअदालतीतल्या तडजोडीला हुकूमनाम्याचंच बळ असतं. मात्र तिथल्या तारखांवर विसंबून दाव्याची मुदत घालवू नका. हप्ते ठरले तर एक हप्ता चुकताच उरलेली सगळी रक्कम एकदम देय होईल, हे त्या तडजोडीतच लिहून घ्या.