इराणमध्ये बायकांच्या गाण्यावर बंधनं असताना पारंपरिक फारसी संगीत कोणत्या गायिकेनं जपलं?

माझं उत्तर: परीसा. मूळ नाव फातेमेह वाएझी, जन्म १९५०, गाव कॅस्पियन समुद्राकाठचं तोनेकाबोन. गुरू महमूद करीमी. १९७०च्या दशकात शिराझच्या कला महोत्सवात त्या गाजल्या.

१९७९च्या क्रांतीनंतर पुरुष श्रोत्यांपुढे बाईनं एकटीनं गायला मनाई झाली. कोरसमध्ये किंवा फक्त बायकांच्या मैफलीत गायला पुढे मुभा मिळाली. या नियमामागचा तर्क मला तरी आजवर कळलेला नाही. परीसांनी शिकवणं धरलं, नंतर परदेशात मैफली केल्या.

शिकवणं म्हणजे दुय्यम काम समजू नका. फारसी संगीताचा गाभा म्हणजे रदीफ, परंपरेनं चालत आलेल्या सुरावटींचा संग्रह: सात दस्तगाह (आपल्या रागांसारख्या मोठ्या सुरचौकटी), पाच ‘आवाज’ (दस्तगाहांतून निघालेल्या छोट्या चौकटी) आणि त्यांतले असंख्य छोटे गूशे, म्हणजे सुरावटी. हे सगळं गुरूसमोर बसून, ऐकून पाठ करायचं. शिकवणारा गळा गप्प बसला की पाठांतर तिथंच तुटतं.

ऐकताना तहरीरकडे, म्हणजे गळ्याच्या एका खास अलंकाराकडे, लक्ष द्या. शब्द संपतो, गळा क्षणभर वरच्या सुराला टिचकी मारून खाली येतो, पुन्हा पुन्हा, आणि तरी सूर हलत नाही. सुरुवातीला मोठा वाद्यवृंद नको. साथीला ‘तार’ किंवा ‘सेतार’ यांपैकी एकच इराणी तंतुवाद्य असलेलं ध्वनिमुद्रण शोधा.