साखर उतरली, पण कशामुळे?

मधुमेह आणि मूत्रपिंडाचा विकार दोन्ही असलेल्या रुग्णांच्या घरून येणाऱ्या पत्रांत रक्ताच्या अहवालांविषयी तोच गोंधळ वारंवार दिसतो, म्हणून त्यांतील काही प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : क्रिएटिनिनसाठी (मूत्रपिंड रक्तातून गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ) रक्त उपाशीपोटीच द्यावे लागते का?

उत्तर : नाही, फक्त आदल्या रात्री मटणावर ताव मारून जाऊ नये.

प्रश्न : आईचे वय ७२, वजन ४१ किलो. क्रिएटिनिन १.२ म्हणजे मर्यादेतच आहे, तरी डॉक्टर मूत्रपिंड अशक्त झाल्याचे सांगतात.

उत्तर : डॉक्टरांचे बरोबर आहे. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होते आणि कृश व्यक्तीत ते मुळातच कमी असते. या वयाच्या स्त्रीत १.२ म्हणजे ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज, सुमारे ४८. तो तीन महिने ६० च्या खाली राहिला, तर विकार दीर्घकालीन मानतात.

प्रश्न : वडील डायलिसिसवर आहेत. एचबीए१सी ८.४ वरून ६.१ वर आले, इन्सुलिनही निम्मे लागते. एका काढ्याने हे झाले असे नातेवाईक म्हणतात. इन्सुलिन बंद करावे का?

उत्तर : स्वतःच्या मनाने मुळीच नाही. एचबीए१सी म्हणजे तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर. पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून आकडा दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो. पण मूत्रपिंड निकामी झाल्यावर पेशी लवकर मरतात, त्यातच रक्तवाढीसाठी एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शने किंवा बाहेरचे रक्त दिलेले असते, आणि या नव्या पेशींना रुग्णाच्या रक्तातील साखर चिकटायला वेळच मिळालेला नसतो. आकडा उतरतो, साखर उतरलेली असेलच असे नाही. माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांनी अहवालातील ५.९ भोवती हिरव्या शाईने गोल काढला होता; त्यांच्याच वहीत दुपारच्या जेवणानंतरची साखर २४०, २६५, २३१ अशी ओळीने लिहिलेली होती.

इन्सुलिन कमी लागण्याचे कारण तर याहून चिंतेचे आहे. शरीरातील इन्सुलिनचा बराचसा निचरा मूत्रपिंड करते. ते थकले की इन्सुलिन रक्तात रेंगाळते, शिवाय भूक मंदावल्याने जेवणही घटते. म्हणजे ज्याला आपण मधुमेह बरा होणे समजतो, ते पुष्कळदा मूत्रपिंड ढासळल्याचे लक्षण असते, आणि जुनाच डोस चालू ठेवला तर रात्री घाम फुटून रुग्ण बेशुद्ध पडू शकतो. डायलिसिसच्या आणि मधल्या दिवशीही घरच्या ग्लुकोमीटरवर उपाशीपोटी, जेवणानंतर आणि झोपण्यापूर्वी साखर मोजा आणि ती वही डॉक्टरांना दाखवूनच डोस ठरवा. काढा आजच बंद करा. घटक न छापलेली बाटली ‘नैसर्गिक’ म्हणून विकणाऱ्यांना डायलिसिसचा खर्च सोसावा लागत नाही.

प्रश्न : दरवर्षी सत्तर चाचण्यांचे सवलतीचे पॅकेज घेतो. तेवढे पुरे ना?

उत्तर : सत्तर आकड्यांत लघवीतील अल्ब्युमिन (रक्तातील एक प्रथिन)-क्रिएटिनिन गुणोत्तर आहे का ते आधी पाहा, नेमके तेच अनेकदा नसते. क्रिएटिनिन वाढण्याच्या कितीतरी आधी मूत्रपिंडाची गळती तेथे दिसते. ते ३० च्या वर आले तर तापामुळे किंवा अतिश्रमामुळेही तसे असू शकते, म्हणून फेरतपासणी करून डॉक्टरांना भेटा.

प्रश्न : पोटॅशियम ६.२ आले आहे. त्रास काही नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा तपासू का?

उत्तर : आजच रुग्णालयात जा. नमुन्यातील पेशी फुटूनही आकडा खोटा वाढतो, पण ते ईसीजी आणि ताजा नमुना पाहून तेथील डॉक्टर ठरवतील. अशक्तपणा वाटतो म्हणून वाटेत शहाळे पिऊ नका, त्यातही पोटॅशियमच असते.